कोरम, कारीट आणि भावी नगरसेवक

नरक चतुर्दशीला पहाटे, आकाशात चंद्र असताना अभ्यंगस्नान करावं, असं शास्त्र सांगतं. अहिल्यानगरात शास्त्राआधी पाण्याचा वार बघावा लागतो. शहराचं पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून येतं. मुळानगरला उपसा, विळदला पुन्हा उपसा, मग वसंत टेकडीच्या टाक्या आणि तिथून पेठा नि उपनगरं, असा त्याचा प्रवास. धरणाची क्षमता २६ टीएमसी. पण पंप विजेवर चालतात, आणि वीज गेली की सगळे २६ टीएमसी राहुरीतच मुक्कामाला राहतात. सणाच्या तोंडावर 'तांत्रिक कारणास्तव पाणी एक दिवस उशिरा' अशी चार ओळींची बातमी आली, की सावेडीतल्या गृहिणीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उटणं भिजवायचं ते बादलीकडे बघून.

हा विषय सोसायटीत निघतो तो जिन्यात. सभेत निघत नाही, कारण सभाच भरत नाही.

खरं तर कायद्याने सगळी सोय करून ठेवली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, चौदा दिवस आधी नोटीस द्यायची. २०२५ साली २७ ऑगस्टला गणपती बसले आणि ६ सप्टेंबरला उठले. लगेच पितृपक्ष लागला, तेव्हा शुभकार्य नको. (हिशेब तपासणं हे शुभकार्य आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.) २२ तारखेला घटस्थापना झाली आणि ३० सप्टेंबरला नेमकी अष्टमी आली. शासनाची मुदत आणि पंचांग यांची अशी टक्कर झाली की सेक्रेटरीने कोणाची बाजू घ्यायची?

त्यातून रविवार सापडलाच तर कोरम सापडत नाही. उपविधीप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यातला जो आकडा कमी तो पुरे. म्हणजे बारा फ्लॅटच्या सोसायटीला आठ डोकी लागतात. हीच आठ डोकी पाण्याचा टँकर आला की दीड मिनिटात खाली असतात; सभेला मात्र कोणाचा मुलगा आलेला असतो, कोणाचं गुडघ्याचं दुखणं निघतं. यावरही उपविधीत उतारा आहे. नोटिशीतच तशी वेळ दिली असेल तर तहकूब सभा त्याच दिवशी भरवता येते, आणि तिला कोरम लागत नाही. त्यामुळे दहाच्या सभेला कोणी येत नाही, हे सर्वांना माहीत असतं. साडेदहाच्या सभेला चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि गेली अनेक वर्षं नियमाने हरकत घेणारे एक निवृत्त गृहस्थ येतात. विषय एकमताने मंजूर होतात. हरकत 'नोंदवून घेतली' जाते. दिवाळीची पोस्त किती, आणि जिन्यातल्या दिव्यांच्या माळा कॉमन मीटरवर लावायच्या की चेअरमनच्या, याचा निकाल पुढच्या वर्षावर जातो. माळा तोवर कॉमन मीटरवरच लुकलुकत असतात.

हे कुठे चाललंय, तर सहकाराची पंढरी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच जिल्ह्यात. त्यांना गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करावं लागलं. इथे वरच्या मजल्यावरून खाली यायला सभासद तयार नाही. आणि नगर तालुक्यातलंच हिवरे बाजार घ्या. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. तिथे पावसाळा संपला की गावातल्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, आणि कोणती पिकं घ्यायची हे त्यावर ठरतं. देशभरातून लोक ते बघायला येतात. नगर शहरातली मंडळीही पाहुणे आले की त्यांना घेऊन जातात, गाव दाखवतात, भारावून परततात आणि सोसायटीच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणी फिरवला यावरून खालच्या मजल्याशी भांडतात.

पाण्यापेक्षा दिवाळीतल्या फटाक्यांचं प्रकरण तसं सोपं आहे, कारण नियम कोणी वाचतच नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. तात्पुरत्या स्टॉलमध्ये किमान तीन मीटर अंतर हवं, स्टॉल समोरासमोर नकोत, उघडा दिवा नको. नियम काटेकोर पाळायचे तर अभ्यंगस्नानाच्या पहाटे कायदेशीररीत्या फोडता येण्याजोगी एकच वस्तू उरते, ती म्हणजे पायाच्या अंगठ्याने चिरडायचं कारीट. पण कॉलनीतला उत्साही तरुण साडेचारलाच हजाराची माळ लावून सगळ्यांना उठवतो. उठलेल्यांपैकी निम्मे नळ सोडून बघतात.

मग तक्रार कुणाकडे करायची? नगरसेवकाकडे म्हणावं, तर महापालिकेच्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्येच संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. शहरात नगरसेवक एकही नव्हता. भावी नगरसेवक मात्र चौकाचौकात होते. प्रोफेसर कॉलनी चौकापासून दिल्लीगेटपर्यंत शुभेच्छांचे फ्लेक्स, त्यावर हात जोडलेला एक मोठा चेहरा, वर नेत्यांची रांग आणि खाली पंचवीस-तीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाने कितीदा कोरडे ओढले, पण फ्लेक्स काही भिजत नाही. गंमत अशी की २०२५ च्या दिवाळीत या भावी मंडळींना आपल्या प्रभागाचं भविष्य ठाऊक नव्हतं. आरक्षणाची सोडत निघाली दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबरला. सतरा प्रभाग, अडुसष्ट जागा, त्यातल्या निम्म्या महिलांसाठी. सोडतीनंतर काही फ्लेक्सवरचा चेहरा बदलला. मोठ्या चौकटीत वहिनी आल्या, दादा कोपऱ्यात गेले, मोबाइल नंबर तेवढा दादांचाच राहिला.

राज्यातल्या बाकी २८ महापालिकांबरोबर नगरचं मतदान ठरलं ते १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, किंक्रांतीला. त्या दिवशी शुभकार्य करत नाहीत, हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक होतं. पण सरकारने सार्वजनिक सुट्टी दिली होती, तेव्हा कोणी पंचांग काढलं नाही.