अळीकाका

तुमचे अळीकाका वेगळे असतील. आमचे डोंबिवली पूर्वेला राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि मुरबाड रस्त्यावरच्या एका दीड एकराला ‘आमची शेती’ म्हणतात. शेती अर्थातच दुसऱ्याची. आम्ही काही घरं हंगामाआधी त्या शेतकऱ्याकडे पैसे भरतो आणि जे पिकेल त्याचा वाटा दर रविवारी पिशवीतून घेतो. जपानमध्ये ही पद्धत १९७०च्या दशकात ‘तेईकेई’ नावाने रुजली, अमेरिकेत १९८६ साली सुरू झाली, हे मला तोंडपाठ आहे. कारण शहाडच्या पुलावर टेम्पो अडकला की काका ते सांगतात, आणि शहाडच्या पुलावर टेम्पो अडकतोच.

भादव्यात शेतावर शिराळी, पडवळ, काकड्या यांना ऊत येतो. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते, म्हणून बायका उजाडताच ओळीत उतरलेल्या असतात. काका नऊला पोचतात. तोडणीला हात लावत नाहीत, तपासणी करतात. माठाचं पान उन्हाकडे धरायचं आणि भोक शोधायचं. भोक म्हणजे अळी, अळी म्हणजे औषध नाही, इतका सरळ हिशेब! पान अखंड निघालं की काकांचा चेहरा पडतो. “काय मारलंय यावर?” शेतकरी बिचारा दशपर्णी अर्काचं पिंप दाखवतो, मांडवाला टांगलेले फळमाशीचे सापळे दाखवतो. काका पुढचं पान खुडतात. शेवटी एक मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “काका, तुमाला भाजी पायजे का अळी?” नाव तिथेच पडलं.

ही खोड भाजीपुरती राहिली असती तर मी लिहायला बसलो नसतो. पुतणीला ठाण्याचं स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, घोडबंदर रोडला फ्लॅट, आवाज चढवून बोलणं ठाऊक नाही. काका म्हणाले, “फवारलेला दिसतो.” तब्येतीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर लॅब बदलली.

वाटप त्यांच्या जिन्याखाली होतं. किडकी भेंडी, भोकाचं वांगं हमखास माझ्या पिशवीत. तुकतुकीत माल सोसायटीच्या सेक्रेटरीला, ज्याच्याशी ते पार्किंगवरून बोलत नाहीत. म्हणजे मी त्यांच्या मर्जीतला. इतका लोभ नसता तरी चाललं असतं.

नांदिवली-भोपरकडच्या बायका पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन त्यांच्या दारी यायच्या. आता त्या बाजूला टॉवर आहेत. त्या भाजीत अळी निघाली की काकांची आई त्या बायकांशी कडाकडा भांडायची, हे एकदा त्यांच्याच तोंडून निसटलं. मग ते शहाडपर्यंत काही बोलले नाहीत. तेईकेईसुद्धा नाही.

गेल्या भादव्यात पाऊस ठाण मांडून बसला. वेल मुळातून कुजले. पिशवीत तीन काकड्या आणि अळूची जुडी आली. नुकसानही वाटून घ्यायचं, हीच तर या पद्धतीची अट. तरी ग्रुपवर पैसे परत मागायची भाषा सुरू झाली. एरवी सकाळ-संध्याकाळ सेंद्रियतेवर प्रवचनं पाठवणारे त्यात पुढे होते. काकांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. बस पकडून गेले आणि पुढच्या हंगामाचे पैसे देऊन आले. मला न विचारता माझेही.

ते वसूल करायला आता रोज संध्याकाळी येतात. चहा घेतात, पैशांचा विषय काढत नाहीत, आणि जाताना माझ्या खिडकीतल्या तुळशीचं पान उजेडाकडे धरून विचारतात, “हिच्यावर काय मारता तुम्ही?”