शून्याच्या वर असलं की झालं!

मे-जूनमध्ये नागपुरात दोन गोष्टी तापतात: ऊन आणि बारावीच्या पोराचा बाप. मार्कशीट पाहून घरात सुतक पसरतं. मग तर्री-पोह्याच्या ठेल्यावर कुणीतरी भाऊ, नाडीसुद्धा न पाहता, औषध सांगतो, "टेन्शन काऊन घेता? फार्मसीत टाका ना पोराले!"

नियमही मोठे मायाळू. बी. फार्मसाठी शास्त्र विषयांत खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीवला 40. सीईटीत गुण फक्त शून्याच्या वर हवेत. तेवढाही चढ चढवत नसेल, तर दोन वर्षांचं डी. फार्म आहेच, तिथे सीईटीचीही कटकट नाही. एकेकाळी पोरं कॉलेज शोधत फिरायची. आता जागा रिकाम्या पडल्या, की कॉलेजच पोराच्या बापाला फोन करतं.

2022 मध्ये फार्मसी कौन्सिलला जाग आली. डी. फार्मवाल्यांना नोंदणीआधी एक्झिट परीक्षा लावली: तीन पेपर, प्रत्येकात निम्मे गुण. म्हणजे आत येताना दार सताड उघडं, कुलूप बाहेर पडताना!

तरी घाबरू नका. फार्मसीचा कायदा 1948 चा, पण काही दुकानांची रीत त्याहून जुनी: सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं, ज्याचं ते, तो भलत्याच गावात, आणि गल्ल्यावर मालकाचा साळा. त्याला कुणी टक्केवारी विचारत नाही. गिऱ्हाइकानं मात्र एवढं बघावं, की 50 मिलिग्रॅमच्या जागी 500 ची गोळी तर आली नाही. तिथे एक शून्यसुद्धा फार महाग पडतं.