पांढरा हवा, पण बेताचा

कुत्र्यांच्या जातींचं ‘ब्रीड स्टँडर्ड’ म्हणजे रुक्ष मामला. शेपटीचा बाक, कानांची ठेवण, दातांची मोजदाद. आइसलँडिक शीपडॉगचं वाचताना मात्र रंगांच्या परिच्छेदापाशी मी रेंगाळतो. रंग कितीही असोत, त्यातला एक उठून दिसावा. तो फिक्या क्रीमपासून तांबूस तपकिरीपर्यंत कुठलाही, नाहीतर चॉकलेटी, करडा किंवा काळा. काळ्याला गालांवर, डोळ्यांच्या वर आणि पायांवर तांबूस छटा हव्यात. शिवाय प्रत्येकाच्या अंगावर पांढरा हवाच: कपाळावर पट्टा, गळ्याला कॉलर, पायांत मोजे, शेपटीचं टोक. मोजे लहानमोठे असले तरी चालतात. आमच्या शाळेत चालत नसत. फक्त पांढऱ्याने सगळं अंग बळकावू नये. गोरेपणाला अशी लेखी मर्यादा घातलेली मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही. तेच स्टँडर्ड मागच्या पायांच्या जादा नखांवर येतं तेव्हा एकदम चोखंदळ होतं. ती दुहेरी असलेली बरी, म्हणतं.

एवढा पसारा मांडायला कुत्र्याकडे रंगद्रव्यं दोनच. एक काळं-तपकिरी, दुसरं लाल-पिवळं. कुठलं, कुठे, किती, हे जनुकं ठरवतात. जिथे दोन्ही पोचत नाहीत तिथे पांढरं. एकाच केसात दोन्ही आली की सहसा बुडाशी तांबूस, टोकाला काळा.

स्टँडर्डच्या रंगांबाबतच्या या उदारपणामागे फार मोठं तत्त्वज्ञान नसावं. हे कुत्रे वायकिंग वसाहतवाल्यांबरोबर बेटावर आले आणि मेंढ्या-घोडे वळू लागले. थंडीच्या तोंडावर डोंगरातून मेंढ्या खाली आणताना शेतकरी कुत्र्याचं भुंकणं ऐकणार, की पाठीवरची छटा न्याहाळणार? पुढे तर निवडीची चैनच उरली नाही. रोगराईने जात इतकी रोडावली की १९५०च्या दशकात मार्क वॉटसन या इंग्रज गृहस्थाला आइसलँडभर कुत्रे शोधत हिंडावं लागलं. सापडले त्यातले काही त्याने कॅलिफोर्नियाला नेले. त्याच्यासमोर ‘मला चॉकलेटीच हवा’ असा हट्ट कोणी धरला असता तर त्याने काय केलं असतं, कोण जाणे. राजधानी रेक्याविकमध्ये तर १९२४पासून १९८४पर्यंत कुत्रा पाळायलाच बंदी होती. तिथे काळा काय नि करडा काय.

पिल्लांच्या रंगाचा तर भरवसाच नाही. मोठेपणी छान तांबूस होणारं पिल्लू जन्मतः पुष्कळदा काळपट असतं आणि हळूहळू उजळत जातं. आपल्याकडे आजी बाळाच्या कानाची पाळी बघून पुढचा रंग सांगते, आणि अंदाज चुकलाच तर खापर सुनेच्या माहेरावर फोडते. कुत्र्यांच्या बाबतीत आता आईबापांची डीएनए चाचणी करून पिल्लं कुठकुठल्या रंगांची निघू शकतील ते आधीच कळतं. कुठला रंग कोणाकडून आला हेही त्यात बहुधा उघड होतं, त्यामुळे ‘हे काही आमच्याकडचं नाही’ म्हणायची सोय राहिलेली नाही.