सभासद काढण्याचा विधी

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. आणि वस्ती तेथे मंडळ, मंडळ तेथे कोणाला तरी काढून टाकण्याची निकड, हा क्रम अटळ असल्यामुळे प्रस्तुत विवेचन कार्यकारिणीच्या, म्हणजे वर्गणी गोळा करून ती कोठे गेली हे सांगण्यास सवड नसलेल्या मंडळींच्या, उपयोगासाठी केले आहे.

प्रथम अपराध निश्चित करावा. शिवीगाळ, मारामारी वा थकबाकी यांकडे जाणती कार्यकारिणी कानाडोळा करते, कारण असे सभासद निवडणुकीत उपयोगी पडतात. खरा शिस्तभंग म्हणजे गणपतीच्या मंडपाचे बिल पाहायला मागणे. आरोपपत्रात मात्र बिलाचा उल्लेख टाळून ‘समाजाच्या एकतेस बाधा’ असे लिहावे, कारण या शब्दांचा अर्थ जो विचारील तोही एकतेस बाधाच आणीत असतो.

अपराध जितका क्षुल्लक तितका वाद टिकाऊ, हे ग्रामण्यांच्या, म्हणजे आचारधर्मावरून जातीत माजणाऱ्या आणि बहिष्कारापर्यंत जाणाऱ्या तंट्यांच्या, इतिहासावरून दिसते. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहापान झाले, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली, त्यांत टिळक आणि रानडे दोघेही निघाले, आणि घोटभर चहाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन पुढे दोनेक वर्षे उकळत राहिले. अखेरीस रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारक मित्र त्यांच्यावर रुसले. यावरून कार्यकारिणीने एवढाच बोध घ्यावा की नियमावलीत प्रायश्चित्ताची सोय ठेवू नये. अन्यथा काढलेला माणूस शुद्ध होऊन परततो आणि पुन्हा बिल मागतो.

नुसते नाव कमी करून भागत नाही, लग्नपत्रिकाही थांबवाव्या लागतात. आणि येथे कायद्याचा भूगोल जाणणे इष्ट ठरते. सुरत मुंबई राज्यात असताना 1949 चा बहिष्कारप्रतिबंधक कायदा तेथेही लागू होता, पण दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्यास आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गुजरातेत तो लागू नाही. म्हणून गावाकडच्या मंडळींना सोयीचे पडावे या हेतूनेही बैठक नवापूर स्थानकावर बोलावू नये; ते स्थानक दोन राज्यांत विभागलेले असल्याने ठराव कोणत्या बाकावर बसून झाला, यावर पदाधिकाऱ्यांचा मुक्काम ठरू शकतो.

बेळगावच्या व्हिक्टोरिया लॉजमधून, म्हणजे फ्रीमेसनांच्या मंडळातून, काढलेल्या एका सदस्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की सभासद काढण्याचा अधिकार नियमांतून येतो, आणि तो वापरताना सद्भाव व नैसर्गिक न्याय, म्हणजे आरोपीचे म्हणणे ऐकून घेणे, आवश्यक असते. नियमांची वही सेक्रेटरीच्या घरी असतेच. सद्भावाची नोंद इतिवृत्तात करावी, म्हणजे तो होता असे ठरते. नोटीस अखाजीच्या, म्हणजे खानदेशी अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात, संबंधित कुटुंब गावी गेल्याची खात्री करून, बंद दारावर चिकटवावी आणि कुलूप दिसेल असा फोटो काढू नये.

निष्कासिताकडून वर्गणी घेणे मात्र थांबवू नये. पावतीवर ‘सभासद’ खोडून ‘हितचिंतक’ लिहावे आणि रक्कम तीच ठेवावी.