फणस द्यायचा कुणाला?

परसात फणस असणे ही श्रीमंती खरी, पण ती भोगायला माणसे लागतात. भिवपुरीच्या आमच्या घरामागे आजोबांनी आठळी पुरली, तेव्हा कापा निघणार की बरका, हे सांगणे कुणाच्याच हाती नव्हते. आठळीचे झाड आईच्या वळणावर जाईलच असे नाही आणि सात-आठ वर्षे ते याबद्दल अवाक्षर काढत नाही. अखेर पहिला फणस फोडला तो बरका! कापा हवा असलेले आजोबा घटकाभर गप्प बसले, मग एक गरा गिळून म्हणाले, "बरं झालं. आता दात पडले तरी काळजी नाही."

मे सरत आला की त्या लेकुरवाळ्या खोडावरचे फणस एकदमच पिकतात आणि पावसाची सर पडून गरे पाणचट व्हायच्या आत ते संपवायचे असतात. पडवीत गोणपाट अंथरायचे, कोयतीला नि हातांना खोबरेल चोपडायचे, पांढरा चीक काडीवर गुंडाळत राहायचे. सांदणे होतात, फणसपोळीची ताटे उन्हात जातात, तरी पाटी भरलेलीच. शेजाऱ्याकडे फणस घेऊन निघावे, तर तोही आपला फणस खांद्यावर टाकून आमच्याकडेच निघालेला. वाटेत गाठ पडते, रीतसर अदलाबदल होते आणि दोघेही तेवढेच ओझे घेऊन घरी परततात.

मग उरते मुंबई. तिला काही पाठवणे भिवपुरीला नवे नाही. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी इथल्या टाटांच्या वीजघरात उतरते आणि १९२२ पासून त्याची वीज मुंबईला जाते. विजेला तारा आहेत, फणसाला कर्जत लोकल. पिशवी फळीवर ठेवावी. नेरळपर्यंत कुणी काही बोलत नाही. शेलूला एखादे नाक वर होते. वांगणीला कुणीतरी हळूच विचारतो, "बरका ना?" आणि बदलापूर येईतो डब्यात चार गावचे चार फणस उभे राहतात: एक भावाच्या वाट्याला गेलेला, एक रस्त्यात गेलेला, एक नुसताच आठवणारा. चौथ्याच्या मालकाला तो नक्की कुठे होता हेही सांगता येत नाही, पण गोड होता एवढे तो शपथेवर सांगतो.

दादरला आत्या दार उघडताच कपाळाला हात लावते, "एवढा धोंडा कशाला आणलास रे?" आणि चप्पल काढेपर्यंत ती मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवून आलेली असते.