भिंगकाका

भिंगकाका तुमच्याही ओळखीचे असणार. तुमच्या कॉलनीत ते जुनी नाणी जमवत असतील, नाहीतर काडेपेटीचे छाप. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या वाट्याला जर्मन लढाऊ विमानांचे फोटो आलेत. दुसऱ्या महायुद्धातले, कुणा जर्मन शिपायानं स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढलेले, अस्सल. काका ओझरच्या ‘मिग’मधून, म्हणजे एचएएलमधून, निवृत्त झाले. तेव्हापासून आम्हा शेजाऱ्यांना निवृत्ती नाही.

त्यांच्याकडे चहाला जाऊ नये. अल्बमच्या टेबलावर चहा चालत नाही आणि अल्बम सोडून काका दुसऱ्या टेबलाशी बसत नाहीत.

फोटो हातात आला की ते आधी तो उलटा करतात. विमान पुढं असतं, काका मागं. मागं पेन्सिलीनं गावाचं नाव आणि तारीख असली, फिक्या शाईत आग्फाचा छाप असला, कुठल्याशा अल्बममधून उपटताना चिकटलेला काळा कागद असला, की त्यांचा चेहरा खुलतो. “पुढची बाजू आज कुणीही छापेल हो,” ते म्हणतात, “मागची छापून दाखवा!”

ही सवय फोटोपुरती राहिली असती तर आम्ही काही बोललो नसतो. लग्नपत्रिका ते उलटी करतात. मिसळीचं बिल उलटं करतात. घरातल्या छापील वस्तूंपैकी त्यांना मनापासून आवडतं ते कालनिर्णय, कारण त्याला मागची बाजू आहे. आमच्या पुतण्यासाठी स्थळ आलं तेव्हा मुलीच्या वडिलांनी मोठ्या कौतुकानं फोटो पुढं केला. काकांनी तो उलटा केला, भिंग लावलं आणि म्हणाले, “तारीख नाही, स्टुडिओचा शिक्का नाही. अवघड आहे.” त्या माणसानं घाईघाईनं मोबाइलवर दुसरा फोटो काढून दाखवला, तर काकांनी मोबाइल उलटा केला! ते स्थळ पुन्हा आलं नाही. काकूंना याचं नवल नाही. “मला बघायला आले तेव्हाही यांनी आधी फोटोचं मागंच पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या, “वर वडिलांना विचारलं, निगेटिव्ह आहे का?”

काकांकडे एक निळा दिवाही आहे, बँकेत नोटा तपासतात तसला. नोटांचा छापखाना नाशिकरोडला १९२८ पासून आहे, तेव्हा गावात असला दिवा असणं शोभतंच. त्याच्या उजेडात जुना फोटो विझलेला दिसतो आणि अलीकडं केलेली नक्कल चकाकते, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालायला युद्धानंतर सुरुवात झाली. एकदा त्यांनी हा दिवा आमच्या आईच्या लग्नाच्या फोटोवरही मारला. फोटो पास झाला. मी म्हटलं, आईची साडी काळपट दिसतेय. झालं! त्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसतच नसे आणि पिवळा दिसायचा तो गडद. म्हणून पिवळ्या नाकाचं मेसरश्मिट काळ्या नाकाचं वाटतं आणि त्यावरून जगभरचे संग्राहक एकमेकांशी भांडतात, हे मला उभ्या उभ्या ऐकावं लागलं. शेवटी निकाल आला : “तुमच्या मातोश्रींची अष्टपुत्री पिवळीच होती. निश्चिंत राहा.” तोवर मी निश्चिंतच होतो.

एवढं मोल कशाचं, असं मी एकदा विचारून बसलो. पराभव समोर दिसायला लागल्यावर जर्मन हवाई दलानं आपले कागद ढिगानं जाळले. कुठलं विमान कुठल्या तुकडीत, कुठल्या तळावर, कुठल्या रंगात होतं, हे आज पुष्कळदा शिपायांच्या असल्या फोटोंवरूनच जुळवावं लागतं. विमानाच्या कुशीवर क्रूसाच्या अलीकडे-पलीकडे अक्षरं असतात. एमएच १५ दिसलं की गाडी नाशिकची, तसं ‘टी ६’ दिसलं की दुसरी स्टुका तुकडी, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची. म्हणून साध्या युंकर्स ५२ चा फोटो पाच-दहा युरोला मिळतो आणि तुकडीचं चिन्ह नि अक्षरं स्वच्छ दिसणाऱ्या दुर्मीळ विमानाचा शंभराच्या वर जातो. स्टुका हजारोंनी बनल्या. आज अख्ख्या अशा दोनच उरल्यात, एक लंडनला, एक शिकागोला. बाकीच्या या असल्या चिटोऱ्यांवर.

विमानाच्या शेपटीवरचं वाकडं स्वस्तिक पाहून कॉलनीतला एक उत्साही तरुण काकांकडे आला. हिटलरचा मोठा फोटो आहे का, म्हणाला, ऑफिसात लावायचाय, काय शिस्त होती! आपल्याकडे फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र यशाची गुरुकिल्ली सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी विकायला असतं, त्याचं हे फळ. एरवी पाहुण्याला तीन तास न सोडणाऱ्या काकांनी त्याला अर्ध्या मिनिटात जिना दाखवला. जाताना त्याचं व्हिजिटिंग कार्ड तेवढं उलटं करून पाहिलं. मागं कोरं होतं. “वाटलंच,” म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे थोडा कमी कुरकुरत जातो.

वैमानिकांत त्यांना रस नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. सरकारी प्रचारखात्याच्या फोटोत सगळे वैमानिक हसत असतात. ते काका घेतच नाहीत. त्यांना हवं असतं चिखलात रुतलेलं विमान, उघडं पडलेलं इंजिन आणि शेजारी डोकं खाजवणारे तिघं मेकॅनिक. भिंग त्या तिघांवर थांबतं. “हा बघा, पाना उलटा धरलाय यानं.”

काकांची सगळी नोकरी मिग-२१ वर गेली. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा काका सकाळपासून टीव्हीपुढं होते. मी सहज म्हटलं, तुमचा एखादा फोटो दाखवा की मिगबरोबरचा. नव्हता. हँगरमध्ये कॅमेरा नेता येत नसे आणि काका नियमाचे पक्के. कुठल्याशा हान्स-फ्रिट्झचे विमानाला टेकून काढलेले शेकड्यांनी फोटो कपाटात, आणि स्वतःचा एक नाही.

मग त्यांनी स्वतःच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो कपाटातून बाहेर काढला. शाल, श्रीफळ, तीन रांगा. “यात विमान कुठाय?” मी विचारलं.

“भिंतीच्या पलीकडं.”

“आणि यात यांचे डोळे मिटलेत,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मागच्या बाजूला काकांनी बारीक अक्षरात खातं, तारीख, सगळ्यांची नावं लिहिली होती. फक्त तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथा, तिथं रेघ. हेल्पर होता, हसरा होता, रिव्हेटिंगला हात चांगला होता; नाव काही केल्या आठवत नाही. जुन्या सहकाऱ्यांना फोन करून झाले होते. पिंपळगावला एक फोरमन आहेत, त्यांना कदाचित ठाऊक असेल, पण ते फोन उचलत नाहीत.

“रविवारी तुमची गाडी मोकळी आहे ना?” काकांनी विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत काकूंना सांगितलं, “आम्ही सातला निघतोय.”