नानांची चेकडिस्क

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमचे नाना सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन डोंबिवलीत स्थायिक झाले. ‘दुरुस्ती शक्य नाही’ हा त्यांच्या लेखी निकाल नसतो, शेरा असतो. आणि एका शेऱ्यावर दुसरा शेरा मिळवता येतो, यावर त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या मिक्सरचं वाइंडिंग इतक्यांदा झालंय की मूळ मिक्सरचं आता फक्त झाकण उरलंय. नवीन वस्तू घेणं म्हणजे हार मानणं, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार म्हटल्यावर नानांनी ११ची तयारी आरंभली. प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, म्हणजे यादीत बसतो, हे बघून घेतलं. टीपीएम २.० लागतं म्हणून बायोसमध्ये शिरून ते स्वतः चालू केलं. जुनी पीडीएफ उडवून ६४ जीबी जागा मोकळी केली. एवढी कागदपत्रं पूर्ण करून अर्ज दाखल केला, तर इन्स्टॉलर म्हणाला, डिस्कमध्ये एरर आहेत, आधी त्या दुरुस्त करा.

दुसरा कोणी खचला असता. ‘दुरुस्त करा’ म्हटल्यावर नानांचा चेहरा खुलला.

त्यांनी काळी खिडकी उघडून चेकडिस्कची आज्ञा दिली. “एफ म्हणजे फिक्स, आर म्हणजे रिकव्हर,” काकूंना समजावलं. सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे संगणकाने विचारलं, पुढच्या वेळी चालू होताना तपासू का? नानांनी ठरावावर सही करावी तसा वाय दाबला आणि मशीन रीस्टार्ट केलं. त्या क्षणापासून घरात संचारबंदी लागू झाली. गीझर बंद, इस्त्री बंद, मिक्सर बंद. फ्यूज उडाला तर सगळं मुसळ केरात! काकू खोबऱ्याची चटणी वाटायला आमच्याकडे आल्या, तेव्हा कुठे आम्हाला बातमी कळली.

“किती झालं?” मी विचारलं.

“दहा टक्के.”

“कधीपासून?”

“काल दुपारपासून,” काकू म्हणाल्या. “आमचे हे समोर खुर्ची टाकून बसलेत. त्यांना वाटतं, आपण उठलो की ते मागे जाईल.”

गंमत म्हणजे डिस्कचं दुखणं काय, हे नाना कोणालाही उत्तम समजावून सांगू शकतात. आत तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, तिच्यावर केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर हेड तरंगतं. पृष्ठभाग कुठे खराब झाला की डिस्क स्वतःच तो सेक्टर बाद करते आणि राखीव साठ्यातला दुसरा देते. तो साठा संपत आला की दुखणं बाहेर दिसू लागतं. चेकडिस्क फार तर वाचता येईल तेवढं वाचून बाकीच्या जागेवर ‘इथे लिहू नये’ अशी खूण करते. झिजलेली तबकडी कुठलीही आज्ञा भरून काढत नाही. हे सगळं अस्खलित सांगून झालं, की नाना पुन्हा तीच आज्ञा देतात.

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने पिवळी खूण दाखवली. “पिवळीच आहे ना? लाल कुठंय?” पुढे लाल झाली, तेव्हा प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती आहे असं ठरलं.

“नाना, निदान बॅकअप तरी घ्या. नातवाच्या बारशाचे फोटो आहेत त्यात.”

“घेणार ना! एकदा डिस्क दुरुस्त होऊ दे.”

शेवटी काकूंनीच मुलीला फोन केला आणि जावईबापू प्रकट झाले. त्यांनी आधी फोटो काढून घेतले. दोन-चार फोटोंत आत्याबाईंच्या जागी करड्या पट्ट्या आल्या, ते काकूंनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. मग दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं, लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणली, आणि संध्याकाळच्या चहाच्या आत त्यावर विंडोज ११ चालू झालं. मशीन आता डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू होतं. नानांना ते बिलकुल आवडलेलं नाही. “ह्यात आपण केलं काय?” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात.

जुनी डिस्क अर्थातच भंगारात गेली नाही. थोडे सेक्टर सोडले तर ती ठणठणीत आहे, असं सांगून नानांनी ती सोसायटीच्या सीसीटीव्हीसाठी देऊ केली. एरवी झाडूच्या खरेदीवर तासभर भांडणाऱ्या आमच्या सर्वसाधारण सभेने हा ठराव एकमताने मंजूर केला, कारण डिस्क फुकट होती. वर नानांच्या आभाराचाही ठराव झाला.

मध्यंतरी ‘बी’ विंगमधली सायकल चोरीला गेली. हवालदार फुटेज बघायला आले. आदल्या संध्याकाळपासूनचं सगळं स्पष्ट दिसत होतं: दूधवाला, पेपरवाला, डुलक्या घेणारा वॉचमन, स्टँडवरची सायकल. मग चित्र गोठलं, आणि पुन्हा हललं तेव्हा स्टँड रिकामा होता. चोर नेमका बॅड सेक्टरमध्ये येऊन गेला होता.

नानांनी हवालदारांसाठी चहा मागवला, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली. “बसा साहेब. चेकडिस्क लावलीय. सापडेल.”